आद्याक्षर ‘लो’ आणि विदर्भाची राजकन्या

प्रश्न : माझे माहेर अमरावतीचे आणि सासर पुण्याचे. महिन्यापूर्वी आम्हांला मुलगी झाली. तिचे नक्षत्र भरणी, चरण चौथा, म्हणून गुरुजींनी ‘लो’ हे आद्याक्षर काढून दिले आणि आम्हां दोघांना ‘लोपामुद्रा’ हे नाव मनापासून आवडले. सासूबाई मात्र अस्वस्थ आहेत. भरणीची देवता यम, त्यात नावात ‘लोप’, असे नाव घरात नको, असे त्या म्हणतात. सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. मुलीचे नाव उच्चाराला सोपे आणि स्पष्ट अर्थाचे असावे, हे मनुस्मृतीतले वचन ते दाखवतात. आत्या म्हणून नणंदबाई नाव ठेवणार आहेत. त्यांना ते फार लांब वाटते आणि शाळेत मुले चिडवतील अशी भीतीही वाटते. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा दिसतो. या नावाचा अर्थ काय, ते आले कुठून, आज ते कोणी ठेवते का, आणि आम्ही काय करावे? सासूबाई दर शुक्रवारी ललितासहस्रनाम म्हणतात. त्यांचे मन दुखवून बारसे करावे, असे आम्हांला वाटत नाही. (एक आई, पुणे)

उत्तर : नाव अवश्य ठेवावे, असे माझे मत आहे. मात्र ‘वेगळे आहे म्हणून आवडले’ एवढ्या आधारावर ते ठेवू नये, कारण वेगळेपण दोन-चार वर्षांत संपते आणि मुलीला ते नाव जन्मभर वागवायचे असते. या नावाला त्याहून पुष्कळ भक्कम आधार आहे आणि तो तुमच्या घरातल्या तिघांनाही पटण्याजोगा आहे, फक्त प्रत्येकाला तो वेगळ्या बाजूने दाखवावा लागेल.

वाद अर्थापाशी अडला आहे, तेव्हा अर्थापासूनच सुरुवात करू. ‘लोप’ हा शब्द ‘लुप्’ या धातूपासून येतो. तोडणे, हिरावून घेणे, नाहीसे करणे हे त्या धातूचे अर्थ आहेत, आणि ‘मुद्रा’ म्हणजे ठसा, खूण, शिक्का. परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध फोड अगस्त्य ऋषींच्या कथेवर बेतलेली आहे. अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे जे जे अवयव अप्रतिम होते, ते ते घेऊन एक कन्या घडवली. तिच्यापुढे बाकीच्यांच्या सौंदर्याची खूण लोपली, म्हणून ती लोपामुद्रा. या फोडीत जे लोपते ते इतरांचे वैशिष्ट्य आहे, मुलीचे स्वतःचे काहीही नाही, एवढे सासूबाईंना सांगितले तरी त्यांची निम्मी शंका जावी. दुसरी फोड ‘लोप’ आणि ‘अमुद्रा’ अशी केली जाते आणि ‘पतिसेवेत खंड पडला तर जिला आनंद होत नाही ती’ असा तिचा ओढूनताणून अर्थ लावला जातो. व्याकरण तिला आडवे येत नाही, पण मला ती फोड मागाहून शिकवलेल्या धड्यासारखी वाटते. तुम्हांला इंटरनेटवर वेगवेगळे अर्थ दिसले, ते बहुधा या दोन फोडींचीच निरनिराळी रूपे असावीत.

या दोन्ही फोडींपेक्षा नाव स्वतः फार जुने आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. ते ऋग्वेदात आलेले आहे, आणि शिक्का या अर्थाचा ‘मुद्रा’ हा स्वतंत्र शब्द ऋग्वेदात आढळत नाही. म्हणजे नाव आधी होते आणि त्याला अर्थ नंतरच्यांनी दिले. महाभारतही कन्येच्या जन्माची कथा सांगते, पण नावाची फोड करत नाही. त्यामुळे ‘खरा अर्थ कोणता’ या प्रश्नात फार गुंतू नका. अरुंधती किंवा द्रौपदी हे नाव ऐकताना कोणी धातू आणि प्रत्यय आठवत नाही, डोळ्यांपुढे ती स्त्री उभी राहते. लोपामुद्रा कोण होती, हे घरात नीट ठाऊक असणे अधिक गरजेचे आहे.

तिची पहिली ओळख ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 179व्या सूक्तात होते. सूक्त अवघ्या सहा ऋचांचे असून त्याची देवता रति मानली गेली आहे. पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या मुखी आहेत. कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, प्रत्येक पहाट म्हातारपण जवळ आणत राहिली, जरा देहाची शोभा उणी करते, तेव्हा आता तरी पतींनी पत्नींकडे यावे, असे ती तपात बुडालेल्या नवऱ्याला सरळ सांगते. जुने ऋतनिष्ठ ऋषी देवांशी सत्य बोलत असत, त्यांनाही तपाचा अंत गाठता आला नव्हता, असा दाखलाही ती देते. अगस्त्य उत्तर देतात की देव ज्याला जपतात ते श्रम वाया जात नाहीत, आपण दोघे मिळून ही शंभर वाटांची शर्यत जिंकू. शेवटच्या ऋचेत कुदळीने खणणारा, संतती आणि बळ इच्छिणारा उग्र ऋषी ‘उभौ वर्णौ’, म्हणजे दोन्ही वर्ण, पोसतो असे म्हटले आहे. वेदांचे भाष्यकार सायणाचार्य यांनी तिथे काम आणि तप असा अर्थ घेतला आहे.

बाळाच्या नावांची पुस्तके लोपामुद्रेला ‘अगस्त्यांची पतिव्रता पत्नी’ म्हणून मोकळी होतात. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. ऋग्वेदातील देवतांची माहिती देणाऱ्या ‘बृहद्देवता’ या जुन्या ग्रंथातील ब्रह्मवादिनींच्या, म्हणजे वेदातील स्त्री-ऋषींच्या, यादीत घोषा, अपाला, विश्ववारा यांच्याबरोबर तिचे नाव येते, ते तिच्या वाणीमुळे. आपल्या संसारावरचा आपला हक्क नवऱ्यापुढे स्पष्ट शब्दांत मांडणारी स्त्री इतक्या जुन्या काव्यात क्वचितच भेटते. सूक्ताचा विषय शृंगाराचा आहे, हे एखादा जाणकार पाहुणा बारशालाच बोलून दाखवील. त्या वेळी ओशाळू नये म्हणून हे तुम्हा दोघांना आधीच ठाऊक असलेले बरे. मुलगी मोठी झाल्यावर तिलाही ते तिच्या वयाला साजेशा शब्दांत सांगता येईल आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.

तुमच्या माहेरच्या दृष्टीने महाभारतातली कथा अधिक जवळची आहे. वनपर्वात, पांडव तीर्थयात्रेत असताना, लोमश ऋषी ती युधिष्ठिराला सांगतात. अगस्त्यांना आपले पितर खड्ड्यात उलटे लोंबकळताना दिसतात आणि संतती झाल्याशिवाय आमची सुटका नाही असे ते सांगतात. अगस्त्य आपण घडवलेली ती कन्या संततीसाठी तप करणाऱ्या विदर्भराजाच्या पोटी घालतात. कन्या जन्मली तेव्हा राजाने ब्राह्मणांना बोलावले आणि त्यांनी तिचे नाव लोपामुद्रा ठेवले. म्हणजे या नावाचे पहिले बारसे विदर्भातच झाले, आणि हे अमरावतीच्या लेकीने सासरी थोड्या अभिमानाने सांगायला हरकत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या कौंडिण्यपूरमुळे आपल्याला रुक्मिणी विदर्भाची म्हणून आठवते, नलाच्या कथेमुळे दमयंती आठवते, पण विदर्भाची ही तिसरी राजकन्या का कोण जाणे मागे पडली.

पुढची कथा तर हिच्या स्वभावाची आहे. अगस्त्यांनी मागणी घातल्यावर राजाच्या तोंडून होकार निघेना आणि शापाच्या धाकाने नकारही देववेना. तेव्हा मुलगीच पुढे होऊन म्हणते की बाबा, मला अगस्त्यांना द्या आणि स्वतःला वाचवा. लग्नानंतर ती रेशमी वस्त्रे आणि दागिने उतरवून वल्कले नेसते आणि नवऱ्याबरोबर तप करते. पण संततीची वेळ येते तेव्हा ती अट घालते की बापाच्या घरी होती तशी शय्या आणि तसे अलंकार मला इथे हवेत, आणि अगस्त्यांना ते आपल्या तपाचा खर्च न होता मिळवायचे असतात. अगस्त्य एकामागून एक तीन राजांकडे जातात. तिन्ही राजे आपला जमाखर्च समोर ठेवतात आणि प्रत्येकाचा आय-व्यय बरोबरीचा निघतो. इथे काही घेतले तर ते प्रजेच्या तोंडचे काढून घेणे होईल, म्हणून अगस्त्य कोणाकडूनच काही घेत नाहीत. अखेर सगळे मिळून धनाढ्य इल्वल दैत्याकडे जातात. हा इल्वल भाऊ वातापीला मेंढा करून ब्राह्मणांना खाऊ घालायचा, मग त्याला हाक मारायचा आणि वातापी पोट फाडून बाहेर यायचा. अगस्त्यांनी त्याला पचवूनच टाकले. जेवणानंतर पोटावर हात फिरवत ‘अगस्तिं कुंभकर्णं च’ म्हणणारी मंडळी अजून आपल्याकडे आहेत, ती याच प्रसंगामुळे. शेवटी अगस्त्य विचारतात की हजार पुत्र हवेत, की दहांच्या तोडीचे शंभर, की शंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना जिंकणारा एक. लोपामुद्रा एकच पण गुणवान मागते.

आता सासूबाईंविषयी. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. पितृपक्षात भरणी श्राद्ध करणाऱ्या घरांत भरणी म्हटले की गेलेली माणसे आठवणे स्वाभाविक आहे, आणि त्यावर ‘लोप’ ऐकले की मन कचरतेच. त्यांच्याशी धातू आणि ऋचा यांवर बोलू नका. त्या दर शुक्रवारी जे ललितासहस्रनाम म्हणतात, त्यातच देवीचे एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती. ती नामावली हयग्रीवांनी ऐकवली तीही लोपामुद्रेच्या पतीला, अगस्त्यांना. श्रीविद्येच्या, म्हणजे ललितादेवीच्या उपासनेच्या, परंपरेत तर मंत्राचा एक संप्रदाय तिच्याच नावाने ओळखला जातो. जे नाव देवीच्या सहस्रनामात बसले आणि जे त्या स्वतः इतकी वर्षे देवापुढे उच्चारत आल्या, ते अशुभ कसे असेल, हा प्रश्न तुम्ही विचारण्यापेक्षा पुढच्या शुक्रवारी पोथीतल्या त्या ओळीवर त्यांचे बोट त्यांनाच ठेवू द्या. रामायणातला दाखलाही त्यांना आवडेल. अशोकवनात राक्षसिणींना उत्तर देताना सीता शची, अरुंधती, रोहिणी यांच्याबरोबर लोपामुद्रेचे नाव घेते आणि जशी ती अगस्त्यांची तशी मी रामाची असे म्हणते. एवढ्यावरही त्यांचे मन तयार झाले नाही, तर त्यावर उपाय आहे, तो पुढे सांगते.

सासरेबुवांना मात्र शास्त्रानेच उत्तर द्यायला हवे आणि ते त्यांना आवडेलही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातले वचन (2.33) ते बरोबर सांगतात. स्त्रीचे नाव सुखाने उच्चारता येणारे, अक्रूर, स्पष्ट अर्थाचे, मनोहर, मंगल आणि शेवटी दीर्घ स्वर असलेले असावे, असे तिथे म्हटले आहे. लोपामुद्रा हे नाव ‘स्पष्ट अर्थ’ या कसोटीला पुरते उतरत नाही, हे मान्य करून टाका. घरगुती संस्कारांचे नियम सांगणारे पारस्कर गृह्यसूत्र मुलीच्या नावात विषम संख्येची अक्षरे असावीत असे सांगते. इथे चार आहेत, तेव्हा तिथेही ते बसत नाही. पण दोन अक्षरांची सीता आणि चार अक्षरांची सरस्वती यांनाही तो नियम बाहेरच ठेवतो. शिवाय मनूच्याच तिसऱ्या अध्यायात (3.9) नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेली वधू करू नये असे म्हटले आहे. रोहिणी, तुळसा, गोदावरी, यमुना अशा किती लेकीसुना सासरेबुवांच्या पिढीत सुखाने नांदल्या, ते त्यांनीच मोजावे. आणि ‘लोप’ या शब्दाचीच त्यांना अडचण वाटत असेल तर पाणिनी आहेच. ‘अदर्शनं लोपः’ (1.1.60) म्हणजे न दिसणे हाच लोप, आणि पुढेच ‘प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्’ (1.1.62), म्हणजे प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य होतच राहते. ज्यांनी वर्गात ही सूत्रे शिकवली असतील, त्यांना नातीच्या नावात ती सापडल्यावर फार वेळ नाराज राहता येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आज हे नाव कोण ठेवते, याचे उत्तर आकड्यांत देता येणार नाही. आपल्याकडे प्रत्येक जन्म नोंदला जातो, पण कोणते नाव किती मुलांना ठेवले याची वार्षिक क्रमवारी सरकार प्रसिद्ध करत नाही. त्यामुळे संकेतस्थळांवर नावापुढे जी टक्केवारी किंवा क्रमांक दिसतो, त्यावर विसंबू नका. ढोबळमानाने एवढे सांगता येते की बंगाल आणि ओडिशात हे नाव आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक ऐकू येते. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांचे नाव अनेकांना ठाऊक असते. गुजरातीत कन्हैयालाल मुनशींनी ‘लोपामुद्रा’ याच नावाने लिहिले आहे. कर्नाटकात, विशेषतः कोडगूमध्ये, लोपामुद्रा आणि कावेरी एकच मानल्या जातात. नवऱ्याने एकटे न सोडण्याचा शब्द मोडला म्हणून ती नदी होऊन वाहू लागली, अशी तिथली कथा आहे आणि ऑक्टोबरात तुला संक्रमणाला तलकावेरीवर भाविकांची गर्दी होते. महाराष्ट्रात प्रवरेकाठच्या अकोले गावी अगस्ती आश्रम आहे, तिथे अगस्तींचे नाव घरोघरी आहे, पण त्यांच्या पत्नीचे नाव मुलींना क्वचितच मिळते. नव्या पिढीला हे नाव ओळखीचे झाले असेल तर नागपूरच्या लोपामुद्रा राऊत यांच्यामुळे. त्या ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वात होत्या. म्हणजे नाव दुर्मिळ आहे, पण ‘असे कसे नाव’ म्हणून कोणी थांबावे इतके अनोळखीही नाही. ज्या वर्गात तीन-तीन आराध्या बसतात, तिथे तुमच्या मुलीला आडनावाने हाक मारावी लागणार नाही.

नणंदबाईंना लांबीची काळजी वाटते. देवनागरीत ही चार अक्षरे आहेत आणि रोमन लिपीत नऊ, म्हणजे ऐश्वर्या या नावाइतकीच, आणि ऐश्वर्या कोणाला लांब वाटत नाही. ‘द्रा’ हे जोडाक्षर लहानपणी थोडे अडखळवील, पण सुभद्रा म्हणणारी मुले हेही म्हणतील. चिडवण्याबद्दल खोटा दिलासा देत नाही. मुले कोणत्याही नावावरून चिडवतात, आणि ‘मुद्रा’वरून मुद्रा कर्जाचा विनोद कधीतरी होणारच. घरात हाक मारायला मी ‘लोपा’ऐवजी ‘मुद्रा’ सुचवीन. सासूबाईंच्या कानाला खटकणारा भाग त्यामुळे रोजच्या वापरातून दूर राहील आणि शिवरायांच्या राजमुद्रेतले ‘मुद्रा भद्राय राजते’ हे शब्द मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. नाव ठेवणाऱ्या आत्यालाच हे हाकेचे नाव निवडू दिले, तर त्यांचा विरोध बराच मावळेल.

आता मघाशी म्हटलेला उपाय. नामकरणाच्या विधीत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितलेली आहेत. ‘लो’ हे अक्षर नाक्षत्रनामापुरते, म्हणजे आपण ज्याला नावरस नाव म्हणतो त्यापुरते, पाळले तरी विधी पूर्ण होतो. सासूबाईंचे मन शेवटपर्यंत वळले नाही, तर लोपामुद्रा हे नावरस नाव ठेवा आणि व्यवहारासाठी तिच्याच दुसऱ्या नावांपैकी एक घ्या. महाभारत तिला ‘वैदर्भी’ म्हणते आणि संस्कृत कोशांत तिची ‘वरप्रदा’ आणि ‘कौशीतकी’ अशी नावे आहेत. यांत मला वैदर्भी सर्वांत आवडते. ते सोपे आहे, स्पष्ट अर्थाचे आहे, तीन अक्षरी असल्याने पारस्करांनाही चालेल, आणि तुमचे माहेर त्यात आपोआप येते. मात्र हा दुसरा पर्याय आहे. सहस्रनामातली ओळ दाखवण्याआधीच तो पुढे केलात, तर सगळे घर त्यावरच थांबेल आणि तुम्हांला मनातून हवे असलेले नाव बाजूला पडेल.

घाई करण्याचे कारण नाही. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची वर्दी 21 दिवसांत द्यावी लागते आणि रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर ती रुग्णालयाकडून जाते. बाळाचे नाव मात्र नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. एकदा नोंदलेले नाव बदलणे मात्र बरेच कटकटीचे असते, म्हणून घरातले मत एक झाल्यावरच महापालिकेत अर्ज द्या. त्या अर्जात ‘पा’ला काना आहे ना, हे स्वतः पाहून घ्या. ‘लोपमुद्रा’ असे चुकीचे लिहिलेले पुष्कळदा दिसते. तसे दाखल्यावर छापले गेले तर पुढे शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट या सगळ्यांत ती चूक दुरुस्त करत बसावे लागेल.